डाव्या हाताची साक्ष

आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांनी कधी कुणाला पूर्ण रस्ता सांगितला नाही. बीडच्या बसस्टँडवर उतरलेला एखादा माणूस विचारायचा, "कोर्ट कुठं हाय हो?" सर म्हणायचे, "त्या लिंबाच्या झाडापर्यंत जा. तिथं रसवाला असतो, त्याला विचारा."

"आन तिथून?"

"तिथून तो सांगेल."

सरांना कोर्ट माहीत नव्हतं असं नाही. कोर्टाच्या मागच्याच गल्लीत ते राहत होते. पण त्यांचं म्हणणं असं, की सगळा रस्ता सांगितला की माणूस निम्मा विसरतो आणि भलतीकडं जातो. पुढचं झाड तेवढं सांगावं. "आईच्या पोटात नस अशीच जाते," असं ते वर सांगायचे. कोर्टात निघालेला माणूस आईच्या पोटाचं ऐकून त्यांच्याकडं एकदा बघायचा आणि दुसऱ्या कुणाला तरी विचारायला जायचा.

मी त्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होते. नवरा गेल्यावर लागले. बशा आणि नळ्या धुवायच्या, टेबलं पुसायची, बरण्यांवरची धूळ काढायची. माझी शाळा बीडजवळच्या पाली गावात चौथीपर्यंत झाली, त्यापुढं नाही. कॉलेजात सगळे मला मावशी म्हणायचे. सर तेवढे 'बाई' म्हणायचे. सर उंच होते आणि मानेत वाकलेले होते. बाकीच्या मास्तरांच्या खिशात पेन असायचं, यांच्या खिशात पेनाबरोबर एक लहान कात्री असायची. टोकं वर. वाकले की ती कात्री त्यांच्याच हनुवटीला लागायची. मी दोनदा सांगितलं, उलटी ठेवा. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. ज्याची हनुवटी त्यानं सांभाळावी.

त्यांना एकाच गोष्टीचं वेड होतं. अंड्यातल्या पिल्लाची नस पाठीच्या कण्यातून निघते, तिला डोळे नाहीत, कुणी बोट धरत नाही, तरी ती नेमकी पायापर्यंत जाऊन पोचते ती कशी. दुसऱ्या मास्तरांना बदली, प्रमोशन, प्लॉट असले विचार असायचे. यांना हा.

मी नवीन असताना सर म्हणाले, "बाई, दोन डझन अंडी आणा." मी नाक्यावरच्या दुकानातून आणली. पांढरी, एकसारखी, स्वच्छ. ती त्यांनी गरम पेटीत ठेवली. पाच दिवसांनी एक फोडलं, दुसरं फोडलं, दहा फोडली. आत नुसता बलक. माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, या अंड्यांना बाप नाही."

दुकानातली अंडी कोंबड्याशिवायची असतात हे मी खेड्यातली असून माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आम्ही अंडी खाण्यासाठी आणतो, बापाची चौकशी करत नाही. मग रविवारी सर स्वतः माझ्याबरोबर पालीला आले आणि दारोदार विचारायला लागले, "तुमच्या कोंबडीबरोबर कोंबडा राहतो का?" बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. माझी चुलत जाऊ फटकळ. ती म्हणाली, "राहतो की सर. घरधन्यापरीस बरा राहतो!" सरांनी ते वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं देव जाणे. तिच्या घरची पंधरा अंडी घेतली आणि प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख टाकली.

त्या वर्षांत लाइट दिवसाचे आठ-आठ तास जायची. लाइट गेली की पेटी गार, पेटी गार की पिल्लं मेली. सर डोकं धरून बसायचे. मी म्हटलं, "त्यात काय एवढं. माझी एक कोंबडी खुडूक बसलीय, ती आणते." खुडूक बसलेली कोंबडी म्हणजे अंडी उबवायला बसलेली. तिला तुम्ही खडे दिले तरी ती उबवते. मी तिला टोपलीत घालून आणली आणि प्रयोगशाळेच्या खालच्या कपाटात बसवली. सरांना दुपारी चार वाजता एक अंडं लागायचं, ते मी तिच्या पोटाखालून काढून द्यायचे. माझ्या हाताला चोची बसायच्या, सरांच्या संशोधनाला नाही.

आणि नेमकी तेव्हा कॉलेज तपासायला बाहेरगावची कमिटी आली. प्रिन्सिपल साहेब त्यांना खोली दाखवत होते, "ही आमची सुसज्ज प्रयोगशाळा," तेवढ्यात कपाटातनं कोंबडी फडफडत बाहेर आली आणि एका साहेबाच्या फायलीवर बसली. प्रिन्सिपलचा चेहरा पांढरा पडला. सर शांतपणे म्हणाले, "हे आमचं अंडी उबवायचं यंत्र आहे. लाइट गेली तरी चालतं." तो साहेब हसला. प्रिन्सिपल हसला नाही. कोंबडी दुसऱ्या दिवशी मी परत नेली, पण तोपर्यंत सरांचं काम झालं होतं.

त्यांनी मला एकदा दाखवलं. अंड्याच्या कवचाला कात्रीनं रुपयाएवढी खिडकी पाडली होती. आत सुईच्या टोकाएवढं लाल काहीतरी धडधडत होतं. ते पिल्लाचं काळीज. नसा तशा दिसत नाहीत. त्यासाठी पिल्लाचे पातळ काप करून काचेवर रंगवावे लागतात, मग भिंगाच्या यंत्रातून काळे धागे दिसतात. धाग्याच्या टोकाला पंजा असतो, बोटं पसरलेला.

"तो पंजा चाचपत जातो," सर म्हणाले. "चिकटायला जागा मिळाली की पाय रोवतो. नकोशी जागा लागली की बोटं मागं घेतो."

"आंधळा भिंत धरून चालतो तसं."

"बरोबर. फक्त याला भिंतीचा वासही येतो. काही वास ओढतात, काही ढकलतात."

मला नवल वाटलं. पण धुवायच्या बशा पडल्या होत्या, म्हणून मी फार वेळ बघितलं नाही. अंडी मात्र सर मनापासून खायचे. कँटीनमध्ये दोन अंड्यांचं ऑम्लेट पुढं घेऊन पिल्लाच्या काळजाबद्दल बोलायचे. समोर बसलेल्याचं जेवण व्हायचं नाही, यांचं व्हायचं.

त्यांचा दुसरा गुण म्हणजे परीक्षा. आमच्याकडं परीक्षेत कॉपी चालते हे मी कशाला सांगू, पेपरात फोटो येतात. सरांच्या हॉलमध्ये चालायची नाही. ते दाराशी बूट काढून ठेवायचे आणि पायमोज्यांवर फिरायचे. आवाज नाही काही नाही. पोरगं चिठ्ठी उलगडायचं आणि वरून सरांची वाकलेली मान दिसायची. पोरं त्यांना मांजर म्हणायची. परीक्षेच्या दिवसांत त्यांच्या स्कूटरची हवा रोज सुटलेली असायची, म्हणून ते त्या दिवसांत स्कूटर आणायचेच नाहीत. पुढाऱ्याचा पुतण्या धरला, शेजाऱ्याचा पोरगा धरला, एका हवालदाराची पोरगी धरली. आणि माझा धाकटा धरला.

मोज्यात चिठ्ठ्या होत्या त्याच्या. एक वर्ष गेलं त्याचं. मी म्हटलं, "सर, पोरगं माझं हाय हे तुमाला म्हाईत व्हतं." ते म्हणाले, "माहीत होतं." पुढं काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, "बशा धुतल्या का?" जसं काही झालंच नाही. मी बशा धुतल्या, पण महिनाभर त्यांच्याशी कामापुरतं बोलले.

आता माझ्या नातीचं सांगते. सुजाता माझ्या लेकीची पोर. तिचं घर पालीतच, पण दुसरीपासून ती शिकायला बीडला माझ्याकडं होती. तिच्या हातांचं जन्मापासून असं आहे, की उजवा हात जे करतो ते डावा करतो. उजव्या हातानं घास घेतला की डावी बोटं हवेत घास घेतात. डाव्यानं दार उघडलं की उजवा हात मूठ वळतो. शाळेत बाईंना वाटायचं, पोरगी वाकुल्या दाखवते. छडी बसायची. उजव्या हातावर बसली की डावा पण आखडायचा, मग बाईंना वाटायचं आणखी चेष्टा करते. बाप तर म्हणायचा, "नाटकं हायत सगळी." सुट्टीत घरी गेली की तो तिचा डावा हात परकराच्या नाडीनं कमरेशी बांधायचा. शेजारणी म्हणायच्या, बाहेरचं काही असेल, देवऋष्याकडं न्या. आम्ही बौद्ध, अंगातबिंगात येणं आम्ही मानत नाही. पण खरं सांगते, एका रात्री मला वाटलं होतं, न्यावं का.

एका शनिवारी तिला कॉलेजात घेऊन गेले होते. आठ वर्षांची असेल. आदल्याच दिवशी गावाहून आली होती आणि हात अजून बांधलेलाच होता. ती टेबलाशी बसून उजव्या हातानं चिंचोके मोजत होती. सर बघत उभे राहिले. मग खिशातली कात्री काढून त्यांनी नाडी कापली.

"उजव्या हाताचं एक एक बोट अंगठ्याला लाव बरं."

तिनं लावलं. डाव्या हाताचं एक एक बोट अंगठ्याला लागत गेलं.

"वा!" सर ओरडले. "वा, वा, वा!"

मला असा राग आला. "पोरीच्या जिवाला पीडा हाय आन तुमी वा म्हंता?"

"पीडा नाही बाई. नस आहे." त्यांनी खुर्ची ओढली आणि मला पहिल्यांदा 'बसा' म्हणाले. "मेंदूच्या डाव्या भागानं उजवा हात हलतो. तो धागा मानेच्या वर येऊन मधली रेघ ओलांडतो आणि पलीकडं जातो. हिचे थोडे धागे ओलांडलेच नाहीत, सरळ खाली गेले. म्हणून उजव्या हाताला दिलेला हुकूम डाव्यालाही पोचतो. पोटात असतानाच झालंय ते."

"वाट चुकले म्हना की."

"चुकले नाहीत. ओलांडलं नाही, एवढंच." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही मांजरसुंब्याला ढाब्यावर जेवलाय ना?"

"जेवलेय की."

"सोलापूरकडून ट्रकवाला येतो. भूक लागलेली असते. ढाब्याच्या फोडणीचा वास लांबून त्याला ओढतो. जेवला की तोच वास त्याला नको होतो आणि तो गाडी पुढं काढतो. आधी ओढ नसती तर तो तिथं पोचला नसता. नंतर नकोसं झालं नसतं तर तिथंच खाटेवर पडून राहिला असता. मधल्या रेघेवर अगदी हेच होतं. तिथल्या पेशी ओढणारा एक रस सोडतात आणि ढकलणारा एक. धागा अलीकडं असेपर्यंत त्याला ओढणारा कळतो. रेघ ओलांडली की धागाच बदलतो, मग त्याला ढकलणारा कळायला लागतो. म्हणून तो मागं वळत नाही."

"मग हिच्या धाग्यांना भूक लागली न्हाई कावून?"

सर हसले नाहीत. "चांगला प्रश्न आहे. ज्यानं वास घ्यायचा तो भाग कमी बनला असावा. हिच्या बाबतीत नक्की काय झालं ते मला माहीत नाही."

"औषध?"

"नाही."

"मालिश? कसरत?"

"नाही. वय वाढेल तसं थोडं कमी होईल, जाणार नाही. पण ती लिहील, शिकेल, स्वयंपाक करेल, सगळं करेल. हात बांधू नका, बांधून नस पलीकडं जात नाही. आणि दवाखान्यात डॉक्टरकडून लिहून घ्या. कागद करून ठेवा."

हात पुन्हा कुणी बांधला नाही. जावयाला मी घरी जाऊन सांगितलं, कसं सांगितलं ते इथं लिहीत नाही. पण कागद मी केला नाही. कागद झाला की गावभर झालं, आणि पोरीची जात, उद्या लग्नाचं बघावं लागेल, असा विचार केला. ती चूक माझी. दुसऱ्या कुणाची नाही.

दहा वर्षांनी ती चूक पुढं आली. सुजाता बारावीला होती, विज्ञान शाखेत. सर निवृत्त झाले होते, मी पण काम सोडलं होतं. जावयानं सांगून ठेवलं होतं, बारावी निघाली तर शिकू दे, नाही निघाली तर उन्हाळ्यात उरकून टाकू. स्थळ बघूनही ठेवलं होतं. माणूस तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा, पहिली बायको सोडून गेलेली. "हाताचं कळायच्या आत झालेलं बरं," असं जावई माझ्या तोंडावर म्हणाला. सुजाता अभ्यासाला पहाटे चारला उठायला लागली.

जीवशास्त्राचा पेपर होता. केंद्र आमचंच कॉलेज. मी इतर आईबापांबरोबर गेटच्या बाहेर उभी होते. पेपर सुरू होऊन तासही झाला नसेल, तोच गेटवरचा शिपाई पळत आला. जुना माणूस, माझ्याबरोबर नोकरीला होता.

"मावशी, तुमच्या सुजाताला भरारी पथकानं धरलं."

"कशात?"

"डाव्या हातानं मागच्या पोरीला खुणा करत व्हती म्हन. पेपर काढून घेतलाय. केस लिहायलेत."

केस झाली की ती गेली. हा पेपर नाही, सगळी परीक्षाच. माझ्या डोळ्यांपुढं तो चौदा वर्षांनी मोठा माणूस उभा राहिला. मी रिक्षा केली आणि सरांच्या घरी गेले. ते बनियनवर बसून पेपर वाचत होते. मी दारातूनच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी कुणासाठी शब्द टाकत नाही."

"शब्द नगा टाकू. तिचा हात दाखवा. तेवढं तुमालाच येतं."

ते उठून शर्ट घालायला लागले. रिक्षात बसल्यावर विचारलं, "तिनं कॉपी केली का?"

"न्हाई."

"तुम्ही आत होता?"

"मी भाईर उभी व्हते."

"मग नाही कशावरून म्हणता?"

त्यांना चालत्या रिक्षातून ढकलून द्यावं असं वाटलं. काम होतं म्हणून दिलं नाही.

गेटवर पोलीस आत सोडेना. शिपाई त्याला म्हणाला, "अवो, या माणसानं निम्मं बीड कॉपीत धरलंय. ह्यो कॉपी द्यायला येईल व्हय? सोडा." सोडलं.

ऑफिसात पथकाच्या मॅडम बसल्या होत्या. तरतरीत बाई, चष्मा, पुढ्यात छापील फॉर्म. सुजाता भिंतीशी उभी. रडून तोंड सुजलेलं. मी दारातच थांबले. सरांनी नाव सांगितलं, तिच्या हाताचं सांगितलं, मधल्या रेघेचंही सांगितलं. ढाबा वगळला.

"सर, तुमच्याबद्दल मी ऐकलंय," मॅडम म्हणाल्या. "पण मी खिडकीतून दहा मिनिटं बघत होते. बाकाखाली हिची डावी बोटं हलत होती आणि मागची मुलगी हिच्याकडं बघत होती. पहिलाच प्रश्न पर्यायांचा आहे. एक, दोन, तीन, चार बोटांनी सांगायला किती वेळ लागतो?"

"हलणारच. उजवा लिहीत होता." सरांनी कोरा कागद पुढं ठेवला. "सुजाता, तुझं नाव लिही."

तिनं लिहिलं. डावी बोटं टेबलावर तशीच वळवळली, उलट्या दिशेनं.

मॅडमनी स्वतःचे दोन्ही हात वर धरून एकदम हलवून दाखवले. "हे मलाही येतं. सराव केला तर कुणालाही येईल. डॉक्टरचा कागद आहे?"

माझी मान खाली गेली.

"कागद नाही," सर म्हणाले. "आणि तुमचं बरोबर आहे. हे सरावानं येतं. म्हणजे मी आत्ता दाखवलं तो पुरावा नाही."

मी कपाळावर हात मारला. वकील म्हणून आणलेला माणूस दुसऱ्या बाजूनं बोलायला लागला.

मग सर सुजाताकडं वळले. "मागच्या मुलीला काही सांगितलंस का? कसंही. हातानं, तोंडानं."

सुजाता माझ्याकडं बघायला लागली.

"आजीकडं नको बघू. मी विचारतोय."

"तोंडानं," ती म्हणाली. "एकच. तिनं विचारलं पाठीच्या कण्यातून नसांच्या किती जोड्या निघतात. मी हळूच सांगितलं, तेहतीस."

"सर, आवं काय करायलात तुमी!" मी दारातून ओरडले.

मॅडमनी पेन उचललं. "म्हणजे कॉपी झालीच."

"झाली," सर म्हणाले. "एका प्रश्नाची, तोंडानं. तुम्ही लिहीत होता हाताची, आणि सगळ्या पेपरची. जे झालं ते लिहा. जे झालं नाही ते लिहू नका." मग सुजाताला म्हणाले, "जे तू दुसऱ्याला दिलंस त्याचा मार्क तुला नको. तो प्रश्न खोड. मॅडम, पेपर देता का?"

मॅडमनी जरा वेळ सरांकडं बघितलं, मग उत्तरपत्रिका टेबलावरून पुढं सरकवली.

सुजाता वाकली. नाकाचं पाणी ओढणीला पुसलं. तिचं सगळं लक्ष त्या एका ओळीत होतं, कारण एक मार्क म्हणजे तिला किती होता ते तिलाच माहीत. तिनं उजव्या हातानं उत्तरावर आडवी रेघ मारली. तेव्हा तिचा डावा हात मागं, अंगाशी लोंबत होता. त्याची बोटं पेन धरल्यासारखी मिटली आणि हवेत आडवी रेघ मारून गेली. रेघ नीट उमटली नसावी. तिनं पुन्हा मारली. मागच्या हातानंही पुन्हा मारली.

मॅडम कागदाकडं बघत नव्हत्या.

सरांनी विचारलं, "आणखी एकदा खोडायला सांगू?"

"नको," मॅडम म्हणाल्या. छापील फॉर्म त्यांनी मधोमध दुमडून फायलीत घातला. "पहिल्या बाकावर एकटी बसव हिला," असं केंद्राच्या माणसाला सांगितलं. सुजाताला म्हणाल्या, "गेलेला वेळ मिळणार नाही. पळ. आणि परीक्षा संपली की आधी दवाखान्यात जाऊन कागद कर."

ती पळाली. पळताना दोन्ही मुठी एकसारख्या वळलेल्या होत्या.

पुढं काय झालं ते सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. सुजाता पास झाली. स्थळ परत गेलं, त्या माणसाला दुसरी मिळाली. सुजाता आता छत्रपती संभाजीनगरला वसतिगृहात राहून शिकते. कागद तिनं स्वतः जाऊन केला आणि मैत्रिणींना हाताचं स्वतःच सांगते. जावई हल्ली लोकांना सांगतो, मीच शिकवलं पोरीला. सर पुण्याला लेकीकडं असतात, तिथंही कुणाला पूर्ण रस्ता सांगत नसतील.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशी गेटवर झालेलं. पेपर सुटेपर्यंत सर माझ्याशेजारी उभे होते. मी त्यांच्याकडं पाठ करून उभी होते. घंटा झाली, सुजाता बाहेर आली. दोन प्रश्न राहिले होते तिचे, बाकी सगळं लिहिलं होतं.

"आन वर एक मार्क गेला," मी सरांकडं बघत म्हटलं. "फुकटचा."

"आजी, तो गेलाच व्हता," सुजाता म्हणाली. "तेहतीस मणके असत्यात. नसांच्या जोड्या एकतीस. पहिल्या बाकावर जाऊन बसले तवा आठवलं."

मी सरांकडं वळले. "तुमाला म्हाईत व्हतं?"

"ती तेहतीस म्हणाली तेव्हाच कळलं."

"म्हनून खोड म्हणालात व्हय!" मला तेवढ्यात बरं वाटलं. म्हटलं, माणूस दिसतो त्यापेक्षा हुशार निघाला.

"नाही," सर म्हणाले. "तिनं एकतीस लिहिलं असतं तरी खोड म्हणालो असतो."

म्हणाले असते. त्यात मला काही शंका नाही, आणि त्या मॅडमलाही नसावी. नाहीतर पोरीला पेपर परत मिळाला नसता. हे मला तिथंच, गेटवर उभ्या उभ्या कळलं होतं. तरी मी रिक्षा थांबवली, सुजाताला बसवलं, तिच्या शेजारी मी बसले आणि सरांना म्हटलं, "तुमी चालत या."